दोन पदरांची भिंत

तेरोन्तोलाच्या छोट्या स्टेशनावर ताई मला घ्यायला आली तेव्हा तिच्या नखांत चुना भरलेला होता. मिठी मारताना तिनं पंजे बाजूला धरले, माझा स्वेटर पांढरा होऊ नये म्हणून. ती माझी मावसबहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. इटलीत, बोलोन्यात संगणकावरची नोकरी करते, लग्नही तिथल्याच माणसाशी झालंय. त्यांना मी दाजी म्हणते आणि तेही आता त्या हाकेला वळून बघतात. दोघांनी मिळून उंब्रियातलं एक पडकं शेतघर विकत घेतल्याचं आमच्याकडे कळलं, तेव्हा मावशी दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती. घर दगडी होतं.

एप्रिल महिना होता. त्रासिमेनो तळं मागे टाकून गाडी डोंगर चढली आणि निक्कोने ओढ्याच्या खोऱ्यात उतरली. हिरवा गहू, ओकची नुकती पालवलेली झाडं, मधूनमधून तंबाखू सुकवायच्या जुन्या उंच इमारती. मग डांबर संपलं, पांढऱ्या खडीचा रस्ता सुरू झाला आणि त्याच्या टोकाला ते घर दिसलं. निम्म्या घरावर नवं छप्पर, निम्म्यावर ताडपत्री. बाहेरून वर जाणारा दगडी जिना, खाली तीन कमानी, समोर विटा बसवलेलं खळं. त्या खळ्याला तिथं ‘आया’ म्हणतात.

ताईनं मला आधी घरात नेलं नाही. उत्तरेच्या भिंतीचा एक भाग गवंड्यांनी उघडून ठेवला होता, तिथं नेलं आणि म्हणाली, “हात घाल आत.”

मी हात घातला. बाहेरच्या अंगाला घडीव दगडांची एक रांग, घरातल्या बाजूला दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये छोटे दगड, विटांचे तुकडे, माती. चिमटीत धरली तर माती भुरभुर गळत होती. दोन पदरांची भिंत, पोटात भराव. लातूर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला ही भिंत ओळखायला दुसऱ्यांदा बघावं लागत नाही. आमच्या गावातल्या प्रत्येक जुन्या घराची भिंत अशीच होती.

३० सप्टेंबर १९९३, किल्लारीच्या भूकंपाची पहाट. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालं होतं. मावशीचं घर औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. मिरवणुकीहून आल्यावर उकडतंय म्हणून मावशी दोन्ही लेकरांना घेऊन अंगणात झोपली. सासरे आणि धाकटा दीर आत झोपले. चार वाजायला चार मिनिटं होती. भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले, बाहेरचा बाहेर ढासळला, आतला आत, आणि वरचं माळवद, तुळया आणि त्यांच्यावरची फूट-दीड फूट माती, सगळं एकदम खाली आलं. दोघेही गेले. ताई तेव्हा अकरा वर्षांची होती. त्या दिवसापासून मावशी दगडी घरात झोपलेली नाही. मावशीच काय, आमच्या भागात किती जणांनी धडधाकट वाडेही सोडून दिले आणि पत्र्याच्या खोल्यांत उन्हाळे काढले.

आणि तिच्या मुलीनं जगाच्या पाठीवर घर घेतलं तेही भूकंपाच्या पट्ट्यात. डोंगरापलीकडच्या मोन्तेर्कीला १९१७ साली भूकंपानं झोडपलं होतं. २६ सप्टेंबर १९९७ ला असिसीच्या बॅसिलिकाच्या छताचा काही भाग कोसळला. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आमात्रिचे गाव जवळजवळ पुसलं गेलं, त्या भूकंपात तीनशेच्या आसपास माणसं गेली. मी तिला विचारलं, हेच घर का. तिनं उत्तर द्यायला वेळ घेतला. म्हणाली, “आजोबांना दगडानं मारलं असं मी लहानपणापासून ऐकत आले. मला ते स्वतः तपासून बघायचं होतं.”

पुढचे पाच आठवडे मी तेच बघत होते.

कामाचा मुख्य गवंडी सत्तरीचा. ‘कापोमास्त्रो’ म्हणतात त्याला. १९९७ च्या भूकंपानंतर तो पूर्वेकडच्या डोंगरी गावांत दुरुस्तीच्या कामाला गेला होता. तिथं जे बघितलं ते त्यानं मला उघड्या भिंतीपुढे उभं करून, दाजींच्या तोंडून इंग्रजीत सांगितलं. त्याआधीच्या म्हणजे १९७९ च्या भूकंपानंतर पुष्कळ घरं ‘मजबूत’ केली होती. जुनी लाकडी छपरं काढून जड काँक्रीटची बसवली, भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा फिरवला आणि खालची भिंत होती तशीच ठेवली, पोटात माती असलेली. पुन्हा हादरा बसला तेव्हा वरचं ओझं तसंच एकसंध राहिलं आणि खालची भिंत फुटली. हे ऐकताना मला आमचं माळवद डोळ्यांपुढे दिसत होतं. डोक्यावर माती असो की काँक्रीट, पायातली भिंत सुटी असेल तर तिला ते वजन पेलवणार कसं?

म्हणून या घराला त्यांनी डोक्यावर हलकं ठेवलं. चेस्टनटच्या तुळया, त्यांच्यावर आडवे वासे, वाशांवर बोटभर जाडीच्या भाजलेल्या विटा आणि सगळ्यात वर जुनीच कौलं. आपल्याकडच्या कडीपाटाची ही चुलतबहीण, फक्त पाटाच्या जागी वीट. कौलं दोन प्रकारची, एक सपाट आणि दोन सपाटांच्या सांध्यावर पालथं घालायचं अर्धगोल. रोमन काळापासून ही जोडी चालत आली आहे. कोकणातल्या नळ्यांच्या छपराखाली वाढलेल्या कुणालाही ते अर्धगोल कौल हातात घेतल्यावर ओळखीचं वाटेल. उतरवलेलं प्रत्येक कौल वाजवून बघितलं. खणखणीत वाजलं ते ठेवलं, बद्द वाजलं ते बाजूला. ते काम माझ्याकडे होतं आणि तीन दिवस मी दुसरं काही केलं नाही.

भिंतीचे दोन पदर बांधायला मात्र तीन उपाय लागले. पहिला, ठराविक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड. तिथं त्याला ‘दियातोनो’ म्हणतात. किल्लारीनंतर आमच्या गावांत फिरणारे इंजिनिअर हेच शिकवत होते: भिंतीला आरपार भोक पाडा, सळई घाला, काँक्रीट भरा, म्हणजे दोन पदर एकमेकांना धरून राहतील. ‘आरपार दगड’ हा शब्द आमच्याकडे तेव्हापासून बायकापोरांच्याही तोंडात बसलाय. दुसरा उपाय, भिंतीच्या पोटात चुना भरणं. जागोजाग भोकं पाडून नळ्या बसवायच्या आणि पातळ चुना खालून सुरू करून वरवर सोडत जायचा. वरच्या नळीतून तो बाहेर डोकावला की खालची जागा भरली असं समजायचं. तिसरा, लोखंडी ‘कातेना’ म्हणजे साखळी. नावापुरती साखळी, प्रत्यक्षात घराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाणारी लांब सळई. दोन्ही टोकांना बाहेरून लोखंडी पट्टी, कुठे इंग्रजी एससारखी वळवलेली, कुठे फुलीसारखी. इटलीतल्या जुन्या गावांत भिंतींवर ही चिन्हं दिसतात आणि पाहुण्याला ती नक्षी वाटते. पूर्वी लोहार ही सळई तापवून बसवायचे. निवताना ती आखडायची आणि समोरासमोरच्या भिंती जवळ ओढून धरायची. आता आटे पाडून नट आवळतात.

या सगळ्याचा पुरावा मी ताईबरोबर नॉर्चाला जाऊन बघितला. तिथं १८५९ साली मोठा भूकंप झाला आणि पुढच्याच वर्षी, पोपच्या राज्यात, घर दोन मजल्यांहून उंच बांधायचं नाही असा नियम आला. १९७९ आणि १९९७ नंतर बऱ्याच घरांची नीट दुरुस्तीही झाली. ३० ऑक्टोबर २०१६ ला तिथं ६.५ तीव्रतेचा धक्का बसला. संत बेनेदिक्तच्या चर्चचा दर्शनी भाग तेवढा उभा राहिला, मागचं सगळं कोसळलं. पण दुरुस्त केलेली घरं बहुतेक उभी राहिली आणि त्या दिवशी गावात एकही माणूस दगावला नाही. आधीच्या धक्क्यांनी पुष्कळ लोक घर सोडून गेले होते, हेही खरं. तरी ताई त्या चौकात बराच वेळ एका साध्या दुमजली दगडी घराकडे बघत उभी होती.

घराचा इतिहास मला हळूहळू समजला, आणि त्यातही आमच्याकडचंच पुष्कळ निघालं. मध्य इटलीतल्या या शेतघरांत राहणारा शेतकरी मालक नव्हता. ‘मेत्साद्रिया’ नावाची पद्धत होती, नावातच निम्मा वाटा. आपल्या भाषेत बटई. जमीन आणि घर जमीनदाराचं, राबणारं कुटुंब शेतकऱ्याचं. गहू, दारू, तेल, सगळं निम्मं निम्मं. शिवाय सणासुदीला कोंबड्या नि अंडी मालकाकडे पोचवायची. घराची रचनाही त्याच जगण्यातून आली आहे. खालच्या मजल्यावर गोठा आणि अवजारं, वर माणसं. थंडीत जनावरांची ऊब लाकडी तक्तपोशीतून वर येई. जनावरं किआनिना जातीची, पांढरीशुभ्र आणि प्रचंड. आमची देवणी गाय तिच्या शेजारी उभी केली तर वासरू वाटेल. १९६४ च्या कायद्यानं नवे बटईचे करार बंद केले, १९८२ च्या कायद्यानं उरलेले खंडात बदलले. पण तोवर तरुण पोरं कारखान्यांकडे निघून गेली होती आणि डोंगरातली घरं ओस पडली होती.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. ‘जेओमेत्रा’ नावाचा माणूस इथं सगळ्यांच्या घरात येतो, मोजणीदार आणि आराखडेकार एकाच अंगात. उतारे, नकाशे, नगरपालिका, सगळं त्याच्या पिशवीत. ताईला स्वयंपाकघरात एक खिडकी वाढवायची होती, तिला परवानगी मिळाली नाही. आधी ती हिरमुसली. पण भिंत उघडल्यावर तिचं तिलाच कळलं की त्या जागी भोक पाडलं असतं तर कोपरा कमजोर झाला असता.

चुन्याबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचंय. खालच्या गोठ्यात कुणीतरी कधीतरी कमरेइतकं सिमेंट मारून ठेवलं होतं, ओल थांबावी म्हणून. ओल थांबली नव्हती, सिमेंटमागून वर चढली होती आणि पट्ट्याच्या वरच्या कडेला पांढरा खार कापसासारखा फुटला होता. गोठ्याच्या भिंतीत पिढ्यान्‌पिढ्यांचं गोमूत्र मुरलेलं असतं, ओल त्यातले क्षार घेऊन वर येते. सिमेंट छिन्नीनं काढलं आणि भिंत सबंध उन्हाळा उघडी ठेवली. नंतर तिला चुन्याचा गिलावा दिला तो झिजण्यासाठीच: खार तो शोषून घेईल, खराब होईल, वर्षा-दोन वर्षांनी खरवडून नवा द्यायचा. भिंतीसाठी गिलाव्यानं स्वतः मरायचं, हे मला फार आवडलं.

मिश्रण करताना कापोमास्त्रोनं एका पोत्यातून लाल भुकटी चुन्यात टाकली. मी ती बोटावर घेतली. सुरखी! विटांचा चुरा. आपल्या वाड्यांच्या, हौदांच्या, किल्ल्यांच्या बांधकामात असायची ती. इथं तिला ‘कोच्चोपेस्तो’ म्हणतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो, पण ओल्या जागी त्याला मदत लागते, ती हा चुरा करतो. रोमन लोक नेपल्सजवळच्या पोत्सुओलीची ज्वालामुखीची राखही त्यासाठी वापरत, विट्रुव्हियसनं ते दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. मी दाजींना आपल्याकडच्या चुन्याच्या घाणीबद्दल सांगितलं: गोल चर, त्यात फिरणारं दगडी चाक, चाकाला जुंपलेला रेडा किंवा बैल. दाजींनी ते गवंड्याला सांगितलं. तो हातातली थापी खाली ठेवून माझ्याजवळ आला आणि चाक केवढं, चर किती खोल, हे त्यानं मला जमिनीवर काढून दाखवायला लावलं. पुरेसा मळला की चुना चाकाला चिकटतो का, हेही विचारलं. आमच्याकडे चाकोरीवर हात फिरवून बघत, असं मी सांगितलं. माझ्या वडिलांनी मला ते सांगितलं होतं. तेवढंच माझ्याकडे होतं.

मग सजावटीचा प्रश्न आला आणि एका म्हातारीनं तो सोडवला.

त्या सिन्योरा याच घरात जन्मलेल्या, बटईदाराची मुलगी. विशीच्या आत त्यांच्या कुटुंबानं घर सोडलं. आता खोऱ्यात लेकीकडे राहतात. काम सुरू आहे कळल्यावर एक दिवस काठी टेकत आल्या. ताईनं मोठ्या अभिमानानं त्यांना वरची खोली दाखवली, गिलावा काढून दगड उघडे केलेली, दरजा नीट भरलेली. कोर्तोनाच्या बाजूला अशी खूप घरं आहेत. फ्रान्सेस मेज या अमेरिकन लेखिकेनं तिथलं जुनं घर दुरुस्त केल्याचं पुस्तक १९९६ मध्ये आलं, २००३ मध्ये त्यावर चित्रपट झाला, आणि उघडा दगड म्हणजेच तोस्काना असं जगभर ठरून गेलं. सिन्योरा खोलीभर बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, आमच्याकडे भिंतीला गिलावा करायला पैसे नसले की लोकांपुढे लाज वाटायची.

ताईचा चेहरा उतरला. मला मात्र सिन्योरांचं शंभर टक्के पटलं. आपण दुसऱ्याच्या गरिबीला सौंदर्य म्हणतो तेव्हा ती गरिबी भोगलेल्या माणसाला एकदा विचारावं. गोठ्याच्या, अवजारांच्या भिंती उघड्या असतील. माणसांच्या खोल्यांना ते लोक जमेल तसा चुना देत, दर वर्षी देत.

ताईनं विचारलं, मग स्वयंपाकघराचा रंग कोणता होता? सिन्योरा चुलाण्याशेजारच्या कोपऱ्यात गेल्या आणि नखानं भिंत खरवडू लागल्या. धुरकट पांढऱ्याखाली पिवळसर आला, मग पुन्हा पांढरा, आणि त्याच्याखाली निळा. फिकट, स्वच्छ, थोडी हिरवट झाक असलेला. “बाबांचा,” त्या म्हणाल्या. द्राक्षवेलींवर मारायचं औषध उरलं की वडील ते चुन्यात मिसळून स्वयंपाकघराला देत. माश्या येत नाहीत अशी समजूत होती.

मोरचूद! चुना आणि मोरचूद म्हणजे आपलं बोर्डो मिश्रण. औशाकडच्या द्राक्षबागांत माझ्या मामानं ते पाठीवरच्या पंपानं जन्मभर मारलं, त्याचे सदरे त्याच निळ्या डागांचे असत. त्या कोपऱ्यापुढे आम्ही दोघी बहिणी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. तिथल्या तिथे ठरलं: वरच्या खोलीला पुन्हा गिलावा, स्वयंपाकघर निळं.

त्यानंतर बाकीचं ठरवणं सोपं गेलं. गोठ्यातली दगडी गव्हाण जागेवरच राहिली. ओढ्याच्या मातीच्या जुन्या तांबड्या फरशा उतरवताना ताईनं प्रत्येकीच्या पाठीवर खडूनं आकडा टाकला होता, त्या त्याच क्रमानं बसवल्या, म्हणजे चुलीपुढे उभं राहून झिजलेली जागा चुलीपुढेच आली. त्यांना जवसाचं तेल पाजलं आणि वर मेण. आरेत्सोला दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जुन्या सामानाचा बाजार भरतो, १९६८ पासून. तिथून ताईनं दोनच वस्तू घेतल्या. एक ‘मादिया’, म्हणजे कणीक मळून फुगत ठेवायची लाकडी पेटी. दुसरी लाकडी कमानींचा सांगाडा, ज्याला सिन्योरांनी बघताक्षणी नावानं हाक मारली: ‘प्रेते’, म्हणजे पाद्री. निखाऱ्यांचं मडकं त्यात टांगून हिवाळ्यात अंथरुणात सरकवायचं, वर पांघरूण कमानीवर तरंगतं आणि जळत नाही.

मी परत आले. ताई फोटो पाठवत राहिली. पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मावशीला घेऊन गेले. ती यायला तयार झाली ते नातवासाठी, घरासाठी नाही. हे तिनं विमानात तीनदा सांगितलं.

पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. मावशी दारातून आत गेली नाही. पदर खोचून घराभोवती फेरी मारली, एकेका लोखंडी पट्टीखाली थांबत. मग ताईला विचारलं, “आरपार दगड घातलेत का गं?”

“घातलेत आई.”

“किती?”

ताईला आकडा पाठ होता. तिनं सांगितला. मावशीनं मान हलवली, पण वरच्या मजल्यावर झोपायला नकार दिला. तिचं अंथरूण जुन्या गोठ्यात, खळ्याकडे उघडणाऱ्या दाराशी टाकलं. दार उघडंच ठेवलं. ताई तिच्या शेजारी झोपली. रात्री मला जाग आली तेव्हा खाली दोघींचं बोलणं चालू होतं, शब्द कळत नव्हते.

सकाळी उठून आले तर मावशी स्वयंपाकघरात होती. निळ्या भिंतीवरून तळहात फिरवत होती. माझ्याकडे न बघता तिनं हात पुढे केला. तळव्यावर निळा भुगा.

“रंग सुटतोय. डिंक घातला न्हाई तुमी?”

दाजींनी दूध घातलंय, असं ताई म्हणाली. इथं चुन्यात दूध घालतात.

“दूध घातलंय ते बरं केलं,” मावशी म्हणाली. “पर एकच हात दिलाय. जावईबापूंना म्हणावं, बादली आना. आन् डिंक हितं कुटं मिळतो ते बघ.”